लगतचे खातेदार

मी सातारा सोडलं त्या सकाळी बाबा मोजणीला निघून गेले होते. भूमी अभिलेख खात्यात ते भूकरमापक होते, म्हणजे सरकारी मोजणीवाले. मला मुंबईला न्यायला गाडी बाराला यायची होती आणि बाबांची मोजणी कोरेगावकडच्या कुठल्याशा गावात सकाळी नऊची. आईनं आदल्या दिवसापासून तोंड सोडलं होतं. "एकुलती एक पोर परदेशी चाललीय आणि तुम्ही कुणाच्या तरी बांधाची मापं काढत बसणार?" बाबांनी बुटांच्या नाड्या आवळल्या, पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्यात थांबून मला एवढंच विचारलं, "दोन वर्षं म्हणजे दोनच ना गं?"

"दोनच," मी म्हटलं.

त्याला आता सतरा वर्षं झाली. तुमच्यापैकी जे 'दोनच' म्हणून निघाले, मग ते सिंगापूरला असोत नाहीतर आणखी कुठं, त्यांना पुढचं सांगायला नको. आणि जे मागे राहिले त्यांना तर आमच्यापेक्षा नीट ठाऊक आहे, कारण दिवस त्यांनी मोजलेत. आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं.

पहिला एम्प्लॉयमेंट पास दोन वर्षांचा होता, हे खरं. तो संपत आला तेव्हा काम संपलं नव्हतं. मग अभयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जुरोंग आयलंडवर, म्हणजे रिफायनऱ्यांच्या बेटावर, नोकरी लागली. गळ्यात पास अडकवून सव्वासहाची कंपनीची बस पकडायची, हे त्याला इतकं अंगवळणी पडलं की सुट्टीच्या दिवशीही तो सहाला तयार होऊन बसायचा. मग ईरा झाली. मग पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना. मग भाड्याच्या कॉन्डोत दर दोन वर्षांनी नवा मालक, त्याला कंटाळून सेरंगूनला नवव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट. दर दिवाळीला मी साताऱ्याला जायची आणि बाबा काही न विचारताच मी म्हणायची, "आता दोनच वर्षं बाबा, ईराची अमुक परीक्षा झाली की आलोच." आमची दोन वर्षं चड्डीच्या इलॅस्टिकसारखी होती, ताणू तितकी ताणायची.

बाबा सिंगापूरला कधीच आले नाहीत. आई येऊन गेली दोनदा, ईराच्या वेळी आणि ईरा शाळेत जायला लागली तेव्हा. बाबांचं म्हणणं साधं होतं. "तू येणारच आहेस. मग मी तिकडं कशाला येऊ?" विमान पाच-साडेपाच तासांचं, पण बाबांना त्यात बसवायचं तर आधी मला कबूल करावं लागलं असतं की मी येणार नाही. ते मी कबूल करत नव्हते, आणि ते येत नव्हते.

मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कंप्लायन्स विभागात काम करते. समोरच्या माणसानं काय काय सांगायचं टाळलंय, ते कागदपत्रांतून हुडकून काढायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. माणसं खोटं फार क्वचित बोलतात, पण गाळतात भरपूर, हे मी नव्या लोकांना शिकवते. आणि तीच मी, घरी दीड वर्ष एक गोष्ट गाळून बसले होते. आम्ही तिघांनी सिंगापूरच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. फेब्रुवारीत मंजुरीचं पत्र आलं. इथं दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत. हा घ्यायचा तर तो सोडायचा, सही करून, रीतसर.

अभयनं त्याच्या घरी एका रविवारी सांगून टाकलं. त्याच्या भावानं "अरे वा, पार्टी" म्हटलं आणि विषय संपला. ईराला तर माझी घालमेलच कळत नव्हती. "ममा, व्हाय सो ड्रामा? जस्ट टेल आजोबा लाह," असं इथल्या इंग्रजीत म्हणून ती कानात इअरफोन घालायची. पण फोनवर सांगायचं धाडस मला होईना. फोनवर बाबा सगळ्याला 'बरं' म्हणतात आणि फोन आईकडे देतात. त्या 'बरं'ला मी घाबरत होते.

त्यातच एप्रिलमध्ये कळलं की साताऱ्यातल्या आठ ज्येष्ठ मंडळींनी पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर युरोप ठरवलाय आणि त्यात आई-बाबा आहेत. खोटं कशाला बोलू, मला राग आला. जो माणूस लेकीकडे पाच तासांवर आला नाही तो युरोपला निघाला! मी आईकडून कार्यक्रमाचा कागद मागवून घेतला. दिवस चौथा, प्राग, मोकळा दिवस, खरेदीसाठी राखीव. मी चार दिवसांची रजा टाकली, तिकीट काढलं आणि आईला कळवलं की त्या दिवशी मी तुम्हाला तिथं भेटते. साताराही नाही आणि सिंगापूरही नाही, अशा जागी सांगायला सोपं जाईल, असा माझा हिशेब होता.

हॉटेलच्या लॉबीत पस्तीस मराठी माणसं डोक्यावर एकसारख्या केशरी टोप्या घालून उभी होती. त्या सगळ्यांत बाबा मला आधी दिसले, कारण ते एकटेच दाराबाहेर रस्त्याकडे बघत होते. सहा महिन्यांनी भेटत होतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाळलीस." आईनं टोपी पर्समध्ये कोंबली होती. "तो रंग घालून माणूस कुल्फीवाला दिसतो," ती म्हणाली. टूर मॅनेजर हसतमुख, पण फार काळजी करणारा माणूस. "ताई, सहाला जेवायला सगळे परत हवेत हं. काकांना हरवू नका," असं त्यानं मला तीनदा बजावलं. बाकीची मंडळी काचसामानाच्या खरेदीला बसमध्ये चढली आणि आम्ही तिघं पायी निघालो.

माझ्या फोनवरचा नकाशा बाबांना सहन होईना. त्यात उत्तर दिशा फिरत राहते म्हणून. "उत्तर एका जागी असावी लागते," ते म्हणाले, "तू फिर, पण तिला कशाला फिरवायची?" मग मीच फोन खिशात टाकला. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, पण त्यांचं पाऊल अजून अडीच फुटांचं आहे, ना कमी ना जास्त. नोकरीत असताना शिवारात सुरुवातीचा अंदाज ते पावलांनी घ्यायचे आणि तो साखळीच्या मापाशी जवळपास जुळायचा. प्रागच्या त्या गोट्यागोट्यांच्या दगडी रस्त्यांवर आई माझा दंड धरून, पाय जपत चालत होती आणि बाबा पुढे, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत.

मला मात्र पावलोपावली अडखळायला होत होतं. सिंगापूरमध्ये आपण चालतो ते एमआरटीपासून, म्हणजे मेट्रोपासून, लिफ्टपर्यंत, डोक्यावर छप्पर असलेल्या सपाट वाटेनं. ऊन नाही, पाऊस नाही, खड्डा नाही. साताऱ्यात मी देखील चढउतार करणारी मुलगी होते, यवतेश्वरच्या घाटात मैत्रिणींशी शर्यत लावणारी. त्या दिवशी आईनं माझा दंड धरला होता की मी आईचा, कोण जाणे.

जुन्या शहराच्या मोठ्या चौकात एक प्रसिद्ध घड्याळ आहे. तासाला त्यातून बाहुल्या फिरतात आणि शेकडो माणसं माना वर करून उभी असतात. आम्ही पोचलो तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. आई माना वर करणाऱ्यांत जाऊन उभी राहिली. बाबांना चौकाच्या मध्ये जमिनीत बसवलेली पितळेची एक लांब पट्टी सापडली होती. शेजारी उंच खांब. तिथं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं की पूर्वी दुपारी खांबाची सावली या रेषेवर आली की शहर बारा वाजले असं धरायचं. बाबा एकदम खूश. म्हणाले, "थांब. बघू या."

बारा वाजले. घड्याळाच्या बाहुल्या फिरल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांबाची सावली पट्टीपासून चांगली बारा-पंधरा फूट बाजूला होती.

बाबांचा चेहरा उतरला. "पट्टी हललीय," ते म्हणाले. "फरशी काढून परत बसवताना हलवली असणार कुणीतरी. असं होतं. खुणेचा दगड एकदा उपटला की परत जागेवर बसत नाही. इथं कुणाला सांगायचं?" ते खरंच इकडेतिकडे बघायला लागले, जणू कोपऱ्यावर तलाठी कार्यालय असेल. मला हसू आवरेना. मी फोन काढून बघितलं आणि सांगितलं, "बाबा, पट्टी बरोबर आहे. हे लोक उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात."

"म्हणजे घड्याळ खोटं?"

"घड्याळ सोयीचं," मी म्हटलं. "सिंगापूरलाही तसंच आहे. तिथं तर वर्षभर सूर्य डोक्यावर येतो एकच्या सुमाराला."

बाबा हसले, स्वतःलाच. "बरं झालं तक्रार केली नाही. लाज गेली असती." आणि मग आणखी एक तास थांबायचं ठरवून त्यांनी तिथंच पायरीवर बैठक मारली. आई घड्याळ बघून परत आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "एवढ्या लांब येऊन मी खांबाची सावली बघत बसू?" पण बसली. पर्समधून पोह्यांचा चिवडा निघाला, दशम्या निघाल्या. तो एक तास माझ्या हातात होता. आम्ही तिघंच, समोर ऊन, कुणाला कुठं जायचं नव्हतं. मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा चिवड्याबद्दल बोलले. एकच्या आसपास सावली हळूहळू सरकत त्या पट्टीवर येऊन नेमकी बसली. बाबा उठून, हात मागे बांधून तिच्याकडे बघत राहिले. मोजणीनंतर दोन भावांचं बांधाचं भांडण मिटलं की ते असे उभे राहायचे.

तिथून नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर गेलो. दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे, मध्ये चित्रं विकणारे, वाजवणारे. बाबांनी पूल पावलांनी मोजायला घेतला. निम्म्याच्या पुढे गेल्यावर आईनं पर्स त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "जरा धरा, मला पदर खोचायचाय." झालं, आकडा विसरला. पन्नास वर्षांच्या संसारात बाबा आईवर जितके चिडले असतील त्यातलं एक मोठं चिडणं मी त्या पुलावर पाहिलं. पुढच्या टोकाला पोचेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि मध्ये मी, दोघांकडची बडबड एकमेकांना पोचवत. मला इतकं घरी असल्यासारखं किती महिन्यांत वाटलं नव्हतं.

पलीकडे किल्ल्याकडे चढत जाणारी एक गल्ली आहे. तिथं बाबांचा राग गेला, कारण तिथं त्यांना घरांवरच्या पाट्या दिसल्या. प्रत्येक दारावर दोन आकडे. एक लाल पाटीवर, एक निळ्या. लाल आकडा मोठा आणि आडमुठा, शेजारच्या घराच्या आकड्याशी काही संबंध नसलेला. निळा आपला सरळ, एकामागून एक. पाच-सहा दारं बघितल्यावर बाबा थांबले. मी फोनवर शोधून सांगितलं की लाल आकडा जुना, त्या भागातली घरं पहिल्यांदा नोंदली तेव्हाचा. निळा नंतरचा, रस्त्यावरच्या क्रमाचा. पत्त्यात दोन्ही लिहितात.

"जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर," बाबा लगेच म्हणाले. "आपल्याकडं जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा असंच केलं. नवा दिला तरी जुना पुसायचा नसतो. पुसला की पुढचा माणूस अंधारात."

मला वाटलं, आता नाही बोलले तर परतीच्या विमानात बसूनही बोलणार नाही. गल्ली संपून किल्ल्याच्या पायऱ्या लागत होत्या. आई दमून पायरीवर टेकली होती. खाली लाल कौलांचं सगळं गाव दिसत होतं आणि ती म्हणत होती की अजिंक्यताऱ्यावरून आपलं सातारा पूर्वी असंच दिसायचं, आता सगळे स्लॅब झाले. ती बोलत असतानाच मी मध्ये म्हटलं, "बाबा, आम्ही सिंगापूरचं नागरिकत्व घेतोय. मंजुरी आलीय. भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल."

बाबांनी टोपी काढली, तिच्यावरचं टूर कंपनीचं नाव वाचल्यासारखं केलं आणि परत घातली.

"पत्र कधी आलं?"

"फेब्रुवारीत."

"आता मे आहे. अर्ज कधी केला होतास?"

"दीड वर्ष झालं."

"म्हणजे मागच्या दिवाळीला तू आलीस, माझ्यासमोर बसून 'दोनच वर्षं' म्हणालीस, तेव्हा अर्ज गेलेला होता."

"हो."

बाबा माझ्याशेजारी पायरीवर बसले. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "चौतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "कुठलीही मोजणी असो, पहिलं काम कुठलं? लगतच्या खातेदारांना नोटीस. ज्याच्या बांधाला बांध लागलाय त्या प्रत्येकाला. म्हातारा असो, पुण्याला असो, भांडलेला असो. नोटीस दिल्याशिवाय मी कुणाच्या रानात साखळी टाकली नाही. आणि माझ्याच मुलीनं हद्द हलवली, तर मला नोटीस नाही."

"तुम्ही नाही म्हणाला असता," मी म्हटलं.

"म्हटलंच असतं. म्हणून तर द्यायची असते."

मला रडू आलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हाताखाली अकरा माणसं, आणि किल्ल्याच्या पायरीवर फोटो काढणाऱ्या लोकांसमोर नाक पुसत बसले. सतरा वर्षं मी बाबांना दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिले असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला त्यांचं 'नाही' ऐकायचं नव्हतं. ते ऐकूनही मी हेच केलं असतं, आणि ते मला झेपलं नसतं.

बाबा मग जमिनीबद्दल बोलले. निवृत्तीनंतर त्यांनी लिंब गावच्या वाटेवर एक एकर घेतलंय, आंब्याची झाडं लावलीत. मी परत आले की माझ्या नावानं करायचं म्हणून बक्षीसपत्राचा मसुदा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. "परदेशी नागरिकाला शेतजमीन बक्षीस देता येत नाही," ते म्हणाले. कायदा त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होता. "वारसानं येईल. म्हणजे मी गेल्यावर."

"इतक्या लांब येऊन मरणाच्या गोष्टी काढायच्या नाहीत," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे आता आपण एकत्र मुंबईला उतरलो, तर तू वेगळ्या रांगेत उभी राहणार का गं?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"आणि आम्ही कुठं थांबायचं तुझ्यासाठी?"

"बॅगा येतात तिथं, आई. पाच मिनिटांचा तर प्रश्न." तिनं मान हलवली, पण तिच्या डोळ्यांपुढे ती पाच मिनिटं उभी होती, ती मला दिसत होती.

उतरताना बाबा मोजत नव्हते. आम्ही पूल परत ओलांडला, नदीकाठच्या रस्त्यानं ट्रामच्या थांब्यापर्यंत आलो. आईनं मध्येच एका दुकानात जाऊन ईरासाठी लाकडी बाहुली घेतली. ईरा पंधरा वर्षांची आहे हे सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं. सहाला अजून वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले,

"माझी हरकत आहे."

"हो बाबा."

"हो नाही. नोंदवून घे. फोन काढ, लिही. तारीख घाल." मी खरंच फोन काढला आणि लिहिलं. त्यांनी वाचून बघितलं, 'हरकत आहे'च्या पुढे मी घातलेलं उद्गारचिन्ह काढायला लावलं. मग म्हणाले, "आता ऐक. हरकत आली म्हणून मोजणी थांबत नाही. नोंद होते आणि काम पुढं चालतं. तू सही कर. ईराचं सगळं तिथंच आहे, तुझंही. ते मला दिसत नाही असं नाही. पण माझी हरकत आहे, ती राहणार."

सहाच्या ठोक्याला मी त्यांना हॉटेलवर पोचवलं. टूर मॅनेजरनं टोप्या मोजल्या, पस्तीस भरल्या, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ते व्हिएन्नाला गेले आणि मी सिंगापूरला.

पुढचं सगळं कागदांनी होत गेलं. पासपोर्ट दिला, तो रद्दचा शिक्का मारून परत मिळाला, मी तो जुन्या फोटोंच्या डब्यात ठेवला. एका शनिवारी कम्युनिटी क्लबच्या सभागृहात शंभरेक लोकांबरोबर उजवा हात छातीशी धरून शपथ घेतली, नागरिकांचं गुलाबी ओळखपत्र मिळालं, बाहेर येऊन अभय आणि ईराबरोबर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, जेवलो. तिथूनच बाबांना फोन लावला. मला वाटलं 'बरं' म्हणतील आणि आईकडे देतील.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग आमची तिकिटं बघ. तू येत नाहीस हे नक्की झालं ना? आता मला यायला अडचण नाही."

नोव्हेंबरात दोघं आली. पहिला दिवस बाबा झोपले, दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉकभोवती चालून आले, आणि संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे. हातात आईनं साताऱ्याहून आणलेल्या बेसनाच्या लाडवांचे दोन डबे. "तुझ्या लगतला कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. डावीकडे एक चिनी आंटी, दारात कुंड्या ठेवणारी. उजवीकडे मलय कुटुंब, तीन मुलं. नावं? अकरा वर्षं त्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे मी गेले नव्हते. दोन वर्षांसाठी कशाला ओळखी वाढवायच्या, असं कधीतरी ठरवलं असेन, आणि ते तसंच राहिलं होतं. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि डावीकडची बेल दाबली.

आंटीनं दार उघडलं, जाळीचं दार मात्र लावलेलंच. बाबांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. "गुड ईव्हनिंग, मॅडम," त्यांच्या सरकारी इंग्रजीत ते म्हणाले. "आय अॅम हर फादर, फ्रॉम इंडिया. माय डॉटर इज नाऊ परमनंटली रेसिडिंग हिअर. काइंडली टेक नोट."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आंटीनं बाबांकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. आणि जाळी उघडून ती मोठ्यानं हसली. "आय्या अंकल, वी नो लाह! इलेवन इयर्स ऑलरेडी. एव्हरीबडी नो. ओन्ली शी डोन्ट नो." मागून ईरा माझ्या काखेखालून पुढे घुसली आणि तिला 'पोपो' म्हणून हाक मारत सरळ तिच्या घरात शिरली. चिनी मुलं आजीला म्हणतात, तसं. लहानपणी किल्ली विसरली की ती मी येईपर्यंत तिथंच बसायची, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

बाबांना तिचे उच्चार कळले नव्हते. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं. "फक्त मलाच नव्हतं."

"म्हणजे यांची हरकत नाही," बाबा म्हणाले. आंटीला वाकून नमस्कार केला, दुसरा डबा उचलला आणि उजवीकडच्या दाराकडे निघाले. बेलवर बोट ठेवायच्या आधी थांबले आणि मागे वळून मला म्हणाले, "यांचीही नसणार. माझी तेवढी राहू दे."

"राहू द्या, बाबा," मी म्हटलं. ती हरकत गेली तर साताऱ्यात माझं म्हणून काय उरेल?